'माता' म्हणजे डोळा
(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित प्रत)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, ते सर आम्हाला मराठी शिकवायचे. तास सुरू झाला की फळ्यावर एक शब्द लिहायचे आणि वर्गाकडे वळून म्हणायचे, "याचा अर्थ मला सांगू नका. हा कुठे कुठे राबतो ते सांगा." पाय, तोंड, पोट, कान असे रोजचेच शब्द असायचे. तास संपेपर्यंत फळा भरून जायचा. आम्हाला तो खेळ वाटे. तो अभ्यास होता हे कळायला मला वीस वर्षे लागली.

आज मी एकच शब्द घेऊन आलो आहे, आणि तो मराठी नाही. तो मलय भाषेतला आहे. शब्द आहे 'माता', आणि त्याचा अर्थ डोळा. आपल्या कानाला पहिल्यांदा आईच ऐकू येते, पण आईला मलय माणूस 'इबू' म्हणतो. राजधानीला तो 'इबू कोता' म्हणतो, म्हणजे आई-शहर. माता मात्र डोळाच.

हा शब्द मी पुस्तकात वाचण्याआधी एका रसवंतीवर ऐकला. पुण्यात शिकायला होतो तेव्हा आमच्या ओळखीत जावा बेटावरून आलेली एक विद्यार्थिनी होती. उन्हाळ्याचे दिवस, आम्ही चारपाच जण रस प्यायला थांबलो होतो. चरकाची घुंगरे वाजत होती. तिने बाजूला टेकवून ठेवलेल्या मोळीतला एक ऊस हातात घेतला, कांड्याच्या पेरावर जो छोटा टपोरा कोंब असतो त्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, "आमच्याकडे याला माता म्हणतात. माता म्हणजे..." शब्द सापडेना म्हणून तिने स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवले. मी सातारा भागातल्या शेतकरी घरातला. मी म्हणालो, "आम्हीही त्याला डोळाच म्हणतो." तिला ते खरे वाटेना. मग मी सांगितले की ऊस लावायचा तर बेण्याच्या टिपऱ्या करतात, एक डोळ्याची टिपरी, दोन डोळ्यांची टिपरी. दोन डोळ्यांची टिपरी सरीत ठेवताना डोळे बाजूला येतील अशी ठेवायची, एक खाली आणि एक वर अशी ठेवली तर उगवण सारखी होत नाही. माझी आई टिपरी मातीत दाबण्याआधी अंगठ्याने डोळा चाचपून बघायची. घरात कुणाचा डोळा फुटला तर तो अनर्थ, आणि रानात डोळा फुटला तर आनंद! तेच दोन शब्द.

सरांचा प्रश्न मला त्या दिवशी आठवला. हा 'माता' कुठे कुठे राबत असेल?

मलय भाषेचे दोन मोठे प्रमाण अवतार आज आहेत, मलेशियातील मलय आणि इंडोनेशियाची राष्ट्रभाषा. दोन्हीकडे या शब्दाच्या पोटी शब्दांचे मोठे गणगोत आहे. गळाचे टोक म्हणजे 'माता काइल', गळाचा डोळा. जाळ्याचे एकेक भोक म्हणजे 'माता जाला'. आपल्या किनाऱ्यावर त्याला 'आस' म्हणतात. चाकूचे पाते 'माता पिसाऊ'. साखळीची एक कडी 'माता रांताइ'. पायाचा घोटा इंडोनेशियात 'माता काकी', कारण 'काकी' म्हणजे पाय. दिशा म्हणजे 'माता आंगिन', वाऱ्याचे डोळे. शाळेतला विषय 'माता पलाजारान'. देशाचे चलन 'माता उआंग', पैशाचा डोळा. पायाच्या तळव्याला होणारे कुरूप 'माता इकान', माशाचा डोळा. ज्याने ते कुरूप भोगले आहे त्याला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही.

या यादीकडे थोडे थांबून पाहिले की लक्षात येते, इथे डोळा 'पाहणारा' असायलाच हवा असे नाही. गोल, लहान, ठळक, जिथे काही सुरू होते किंवा जिथे काही येऊन टोचते, ती जागा म्हणजे माता. गळाचे टोक पाहत नाही, पण मासा तिथेच सापडतो. उसाचा कोंब पाहत नाही, पण नवा ऊस तिथूनच निघतो. आपल्याकडे बटाट्याला डोळे असतात, नारळाला तीन असतात, मोरपिसाला असतो. नागपूरकडे संत्र्याची कलमे करणारी माणसे 'डोळा भरतात': चांगल्या झाडाचा डोळा सालीसकट काढून खुंटाच्या सालीत बसवतात. याच कामाला इंडोनेशियात 'ओकुलासी' म्हणतात. हा शब्द डचांनी तिथे नेला, पण त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'ओकुलुस' आहे, म्हणजे पुन्हा डोळाच. युरोपचा माळी आणि वरुड-मोर्शीचा माळी यांनी एकमेकांना विचारून हे नाव ठेवलेले नाही. हाताखाली जे आले त्यानेच ते सुचवले.

आता या गणगोतातली मला सर्वांत आवडणारी जोडी सांगतो. मलय भाषेत 'आइर' म्हणजे पाणी. 'माता आइर' म्हणजे पाण्याचा डोळा, अर्थात जमिनीतून फुटणारा झरा. शब्द उलटे करा, 'आइर माता'. म्हणजे डोळ्याचे पाणी, अश्रू. मराठीत आपण 'चा, ची, चे' लावून कोण कुणाचे ते ठरवतो. मलयमध्ये असा प्रत्यय नाही. मुख्य शब्द आधी आणि ज्याचा तो आहे तो नंतर, एवढ्या क्रमावर सगळे उभे आहे. दोन शब्दांनी जागा बदलली की डोंगरातला झरा माणसाच्या गालावर येतो.

झऱ्याला डोळा म्हणणे आपल्याला परके वाटेल, पण ते आपल्या नाकावर बसलेले आहे. चष्मा हा शब्द फारसीतून आला. फारसीत 'चश्म' म्हणजे डोळा, आणि त्यापासून झालेला 'चश्मा' म्हणजे पाण्याचा झरा सुद्धा. अरबीत 'ऐन' या एकाच शब्दाने डोळा आणि झरा दोन्ही सांगतात. इंडोनेशियन माणूस चष्म्याला 'काचामाता' म्हणतो. यातली 'काचा' म्हणजे आपली काच, संस्कृतातून गेलेली. आपण चष्मा म्हणताना फारसी डोळा वापरतो, तो काचामाता म्हणताना संस्कृत काच वापरतो. शब्दांचा असा व्यापार बंदराबंदरांतून शतकानुशतके चालला. आपल्याकडेही मलयचा माल आला आहे: काकाकुवा हे पक्ष्याचे नाव मलय 'काकातुआ'चे, आणि ओरांगउटान म्हणजे सरळ 'रानातला माणूस'.

संस्कृतातून तिकडे गेलेला आणखी एक शब्द सांगण्याचा मोह होतो. मलयमध्ये लाडक्या अपत्याला 'चाहाया माता' म्हणतात, डोळ्यांचा उजेड. 'चाहाया' म्हणजे उजेड, आणि हा शब्द आहे संस्कृत 'छाया'. आपल्याकडे छाया म्हणजे सावली राहिली. पण संस्कृतात छायेला कांती, झळाळी असाही अर्थ आहे. समुद्र ओलांडून गेली ती झळाळी, आणि इथे राहिली ती सावली.

श्रोतेहो, 'माता'चे सर्वांत प्रसिद्ध अपत्य म्हणजे 'माताहारी'. 'हारी' म्हणजे दिवस. दिवसाचा डोळा म्हणजे सूर्य. अनेकांनी हे नाव एका हेर स्त्रीचे म्हणून ऐकले असेल. नेदरलँड्समध्ये १८७६ साली जन्मलेली मार्गारेता झेले नवऱ्याबरोबर काही वर्षे जावा-सुमात्रात राहिली, पुढे पॅरिसमध्ये नर्तकी म्हणून तिने हे नाव घेतले आणि १५ ऑक्टोबर १९१७ रोजी फ्रेंचांनी तिला हेरगिरीच्या आरोपावरून गोळ्या घातल्या. नाव घेताना तिच्या मनात सूर्य होता. पण त्याच 'माता'ची द्विरुक्ती केली, 'माता-माता' म्हटले, तर इंडोनेशियात त्याचा अर्थ हेर होतो, आणि मलेशियात जुनी माणसे पोलिसाला माता-माता म्हणतात. आपल्या राजनीतीच्या ग्रंथांत राजाला 'चारचक्षु' म्हटले आहे, हेर हेच ज्याचे डोळे. फिजी बेटांवर तर सरदाराच्या वतीने बोलणाऱ्या मानकऱ्याला 'माता-नि-वनुआ' म्हणतात, म्हणजे भूमीचा डोळा किंवा चेहरा.

सूर्याला दिवसाचा डोळा म्हणणे ही एकट्या मलयची कल्पना नाही. सुलावेसीतील बुगी लोक 'माता एसो' म्हणतात, सुमात्रातील बाताक 'माता नि आरी', फिजीत 'माता नि सिंगा'. शब्द वेगळे, घडण एकच. थाई भाषा मलयच्या कुळातली मानत नाहीत, पण तिच्यातही सूर्याचे एक नाव 'तावान' आहे, 'ता' म्हणजे डोळा, 'वान' म्हणजे दिवस. आणि आपल्याकडे ऋग्वेदात सूर्य हा मित्र, वरुण आणि अग्नी यांचा डोळा आहे; संस्कृतात त्याला 'जगच्चक्षु' असे नावच आहे. मात्र फरक आहे. आपल्याकडे सूर्य देवांचा आणि जगाचा डोळा झाला, तो कवितेत आणि स्तोत्रात राहिला. रोजच्या बोलण्यात आपण 'ऊन लागलं' म्हणतो, 'सूर्य उगवला' म्हणतो. तिकडे भाजी विकणारी बाईसुद्धा सूर्याला दिवसाचा डोळाच म्हणते, तिला दुसरा शब्द सुचत नाही. मला ही साधी बोली स्तोत्रापेक्षा कमी दर्जाची वाटत नाही.

इथे एक सावधगिरी. रसवंतीवर भेटलेल्या त्या मैत्रिणीने मला बजावले होते की इंडोनेशियन बोलताना 'माता' म्हण, पण तिच्या गावी, जावानीज बोलताना, तिच्या आजीच्या डोळ्यांना चुकूनही 'माता' म्हणायचे नाही. जावानीजमध्ये आदराच्या पायऱ्या आहेत. सर्वांत खालच्या पायरीवर 'माता' आहे, भांडणात तो शिवीसारखा वापरतात. मधल्या पायरीवर 'म्रिपात'. वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांना 'पानिंगाल'. आणि ग्रंथात, गाण्यात 'नेत्रा', आपलाच नेत्र. इंडोनेशियनमध्ये अंध व्यक्तीचा उल्लेख अदबीने करायचा तर 'तुनानेत्रा' म्हणतात. आपल्याकडेही आईचा डोळा दुखतो, पण दवाखान्याच्या पाटीवर 'नेत्रालय' असते. 'आंधळा' म्हणताना जीभ अडखळते आणि 'दृष्टिहीन' म्हणून सुटका होते. घरचा शब्द जवळचा असतो म्हणूनच तो कधी कधी टोचतो.

आता मुळाकडे वळतो, कारण इथेच लोक सर्वांत जास्त घसरतात.

मलय 'माता', फिलिपिन्सच्या तागालोगमध्ये 'माता', सामोआ, टोंगा आणि ताहितीत 'माता', हवाईत 'माका'. नकाशा काढून बघा, हे अंतर अर्ध्या पृथ्वीएवढे आहे. युरोपीय विद्वानांच्या हे लवकर लक्षात आले. उट्रेख्टचे प्राध्यापक आड्रियान रेलांट यांनी १७०८ साली मलय, मालागासी आणि पॅसिफिकमधल्या शब्दांचे नाते मांडले. पॅसिफिकमधले शब्द त्यांना डच खलाशांनी १६१६ च्या सफरीत टिपून आणलेल्या यादीतून मिळाले होते. १७६९ साली कॅप्टन कुकच्या जहाजावर रायातेआ बेटाचा तुपाइया होता. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर उतरल्यावर तो आपल्या भाषेत बोलला, आणि हजारो किलोमीटर दूरच्या माओरींना ते समजले. जहाजावरचे इंग्रज थक्क झाले होते.

पण नुसते साम्य हा पुरावा नसतो. आजच्या ग्रीक भाषेत डोळ्याला 'माती' म्हणतात. मलय 'माता' आणि ग्रीक 'माती', अर्थ तोच, आवाज तोच! तरी दोघांचा काडीचा संबंध नाही. ग्रीक शब्द जुन्या 'ओम्मातिओन'चा झिजलेला तुकडा आहे. भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात योगायोगाचे उदाहरण म्हणून हीच जोडी दिली. व्हिएतनामीत डोळा 'मात' आहे, पण ती भाषा वेगळ्या कुळातली. आपल्याकडे दोन शब्द सारखे दिसले की एक दुसऱ्यातून आला असे ठोकून देण्याची जी सवय आहे, तिच्यावर हा उतारा आहे. असल्या व्युत्पत्त्या टाळ्या मिळवतात आणि विद्यार्थ्यांचे नुकसान करतात. हे मी रागाने बोलतो, कारण मीही तरुणपणी त्या टाळ्या वाजवल्या आहेत.

मग नाते ठरते कशाने? नियमाने. संस्कृत 'सप्त'चे मराठीत 'सात', 'हस्त'चे 'हात', 'नप्तृ'चा 'नातू'. एकदा घडले ते पुन्हा पुन्हा घडते, म्हणून आपण म्हणतो की मराठी त्या घराण्यातली. हवाईच्या 'माका'तला 'क' असाच नियमाचा आहे: इतर बेटांवर 'तापू' म्हणजे निषिद्ध, हवाईत 'कापू', सामोआत 'तोलु' म्हणजे तीन, हवाईत 'कोलु', सामोआत 'ताइ' म्हणजे समुद्र, हवाईत 'काइ'. जिथे इतर बेटांवर 'त', तिथे हवाईत 'क'. म्हणून 'माका' हा 'माता'च.

आणि आता या शब्दातली सर्वांत मोठी गोष्ट. तैवानच्या डोंगराळ भागात चिनी येण्याच्या हजारो वर्षे आधीपासून राहणारे लोक आहेत. त्यांतल्या पाइवान भाषेत डोळा 'मात्सा' आहे. 'त' नव्हे, 'त्स'. मलयचे 'माता' जुने की पाइवानचे 'मात्सा'? दुसरा शब्द शेजारी ठेवा. जावानीजमध्ये तीन म्हणजे 'तेलु'. पाइवानमध्ये तीन म्हणजे 'त्येलु'. म्हणजे पाइवानने दोन वेगळे आवाज जपले आहेत, डोळ्यात एक आणि तीनमध्ये दुसरा. फिलिपिन्सपासून हवाईपर्यंत, सगळीकडे ते दोन्ही मिळून एकच झाले. एकाचे दोन झाले असते तर कोणत्या शब्दात कोणता हे ठरवणारा काही नियम हवा होता. तसा तो सापडत नाही. म्हणजे आधी दोन होते, आणि कुणीतरी ते मिसळले. हे मिसळणे एकदाच, एका समाजात झाले असावे, आणि तोच समाज साधारण चार हजार वर्षांपूर्वी होड्यांतून दक्षिणेकडे निघाला. तैवानात मात्र दोन आवाजांचा फरक अनेक भाषांत टिकला. शिलालेख नाही, ताम्रपट नाही. डोळ्याच्या शब्दातला एक व्यंजन हा त्या प्रवासाचा दस्तऐवज आहे. भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्लस्ट यांनी हयातभर अशा शब्दांचा कोश केला. तैवानच्या थाओ भाषेची मोजकी वृद्ध माणसे उरली असताना त्यांनी त्यांच्याजवळ बसून हजारावर पानांचा शब्दकोश तयार केला. तो २००३ साली छापला गेला.

पश्चिमेच्या टोकाला, मादागास्करात, गोष्ट वेगळी झाली. तिथली मालागासी भाषा या घराण्यातली, बोर्निओतल्या भाषांची बहीण. तिच्यात डोळा म्हणजे 'मासो'. ध्वनीच्या नियमाने तो 'माता'चा सरळ वंशज ठरत नाही. पूर्व आफ्रिकेतल्या बांटू भाषांतल्या शब्दाच्या तो जवळ जातो, स्वाहिलीत डोळे म्हणजे 'माचो'. पण सूर्याला मालागासी काय म्हणतात? 'मासोआंद्रो'. 'आंद्रो' म्हणजे दिवस. दिवसाचा डोळा. शब्द कदाचित आफ्रिकेचा असेल, पण घडण होडीतून आलेली आहे.

पूर्वेच्या टोकाचे रापा नुई, म्हणजे ईस्टर बेट, तिथले दगडी मोआई पुतळे आपण चित्रात पाहिले आहेत, रिकाम्या खोबणींचे. १९७८ साली आनाकेना किनाऱ्यावर पांढऱ्या पोवळ्याच्या दगडाचा एक डोळा सापडला, तेव्हा कळले की त्या खोबणीत डोळे बसवत असत. त्या बेटाचे एक नाव 'माता कि ते रांगी' असे आहे, आकाशाकडे लागलेले डोळे. न्यूझीलंडमध्ये माओरी लोक कृत्तिका नक्षत्राला 'मातारिकी' म्हणतात, आणि त्याच्या उगवण्याने त्यांचे नवे वर्ष सुरू होते. २०२२ पासून मातारिकीची तिथे सार्वजनिक सुटी आहे.

आपल्या 'डोळा' या शब्दाकडे परत येतो. तो अक्षि, चक्षु, नेत्र यांपैकी कुणाचाच मुलगा नाही. तो प्राकृतातला देशी शब्द, संस्कृताच्या दारातून न आलेला. कोशात त्याचे वाक्प्रचार भरपूर आहेत: डोळा लागणे, डोळा चुकवणे, डोळ्यांत तेल घालणे. पण टिपरीचा डोळा, भरायचा डोळा, विहीर खणणाऱ्याचा, सुताराचा, लोहाराचा, कोळ्याचा डोळा किती जणांनी टिपला आहे? दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून निघू लागला. त्यानंतर शेती बदलली, अवजारे बदलली, आणि ती चालवणारी माणसे म्हातारी झाली.

म्हणून माझी विनंती आहे. इथून घरी गेल्यावर आपल्या गावातल्या एका कारागिराला किंवा शेतकऱ्याला विचारा, तुमच्या कामात डोळा कशाला म्हणतात. तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, गावाच्या नावासकट आणि तारखेसकट लिहून ठेवा. सरांच्या घरच्यांनी त्यांच्या जुन्या वह्या मला दाखवल्या आहेत. त्यांतल्या एका वहीत 'डोळा' या शब्दापुढे चौदा नोंदी आहेत, आणि खाली पान कोरे आहे.